अंगात घालायची होडी



‘कयाक’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा वाचला तो शाळेच्या भूगोलात. टुंड्रा प्रदेश, बर्फाची घरं, कुत्र्यांच्या गाड्या, सीलची शिकार आणि कयाक. ‘थोडक्यात उत्तरे द्या’मध्ये दोन गुण मिळवून देण्यापलीकडे त्या शब्दाशी आपला कधी संबंध येईल, असं तेव्हा कुणालाच वाटलं नसेल. आज आपली मुलं शाळेच्या सहलीला जातात आणि कयाक चालवून येतात. कुणी लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्यात, कुणी अबुधाबीच्या खारफुटीत, कुणी न्यू जर्सीच्या एखाद्या शांत नदीवर. उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीतही हल्ली ‘कयाकिंग’ असतंच. आणि घरी परतताना गाडीत तक्रारीही ठरलेल्या असतात: कंबर धरली, पायाला मुंग्या आल्या, जॅकेट गळ्याशी काचत होतं, कपडे ओले होऊन हुडहुडी भरली.

आजच्या भागात या तक्रारींचा इतिहास सांगणार आहे. कारण कयाक जिथे जन्मली, तिथे या तक्रारींना फारशी जागाच नव्हती. ती होडी एकाच माणसाच्या मापानं बेतलेली असायची. होडीत आपण बसतो. कयाक मात्र अंगात घालायची वस्तू होती. ती आपल्या घरातून बाहेर पडली, जगभर गेली आणि वाटेत तिचं माप हरवलं. ते माप परत मिळवायला पुढची दीडशे वर्षं लागली आणि त्याची किंमत काही जणांनी जिवानिशी मोजली.

सुरुवातीपासून बघू. ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग, अलास्का इथले इनुइट आणि त्यांच्या शेजारचे अल्युशियन बेटांवरचे लोक निदान चार हजार वर्षं अशा होड्या बांधत आले, असं मानलं जातं. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्यांना ‘एस्किमो’ म्हणायचो. आता तो शब्द अनेकांना अपमानास्पद वाटतो, म्हणून आपणही टाळूया. या प्रदेशात झाड जवळजवळ उगवत नाही. समुद्रातून वाहत आलेलं लाकूड आणि हाडं यांचा सांगाडा बांधायचा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. सांगाडा पुरुष बांधायचे, शिवण बायकांची. टाका कातड्याच्या आरपार जाऊ द्यायचा नाही, जाडीतूनच फिरवायचा, म्हणजे भोक पडत नाही आणि पाणी शिरत नाही. दोरा प्राण्यांच्या स्नायूंच्या तंतूंचा. तो भिजला की फुगतो आणि टाका आणखी घट्ट होतो. शिवण चुकली तर नवरा किंवा मुलगा परत येणार नाही, हे शिवणारीला पक्कं ठाऊक असायचं.

माप कसं घ्यायचं? तिथे मोजपट्टी नव्हती, अंग होतं. आपल्याकडे जशी वीत, मूठ, हात, वाव ही मापं होती, अगदी तसंच. दोन्ही हात पसरले की होते ती वाव. कयाकची लांबी साधारण तीन वावा. आपले कोळी लोक पाण्याची खोली सांगताना हेच माप वापरत आले आहेत. रुंदी म्हणजे बसणाऱ्याची बैठक अधिक दोन मुठी. खोली म्हणजे एक मूठ आणि तिच्यावर ताठ उभा अंगठा. वल्ह्याची लांबी एक वाव आणि वर एक हात. जागोजाग यात फरक होता, पण तत्त्व एकच होतं. ज्याची कयाक, त्याचंच माप. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर इथे ‘युजर’ एकच होता आणि तो सांगाडा बांधताना समोरच उभा होता.

कपडेही होडीचाच भाग होते. ग्रीनलंडमध्ये ‘तुइलिक’ नावाचा सीलच्या कातड्याचा अंगरखा असायचा. तो चेहऱ्याभोवती आणि मनगटांशी आवळला जायचा आणि त्याचा खालचा घेर कयाकच्या बसायच्या भोकाच्या कडेवर घट्ट बांधला जायचा. त्या भोकाला आज आपण कॉकपिट म्हणतो. अल्युशियन बेटांवर असाच अंगरखा समुद्रसिंहाच्या आतड्यांचा करायचे: हलका आणि पाणी न शिरणारा. माणूस, कपडा आणि होडी मिळून एकच बंद वस्तू तयार व्हायची. कयाक उलटली तरी आत पाणी येत नसे. वल्ह्याचा एक फटका आणि कमरेचा झोका, की माणूस परत वर. याला आज ‘रोल’ म्हणतात. हा कसरतीचा प्रकार नव्हता. त्या पाण्यात होडीबाहेर पडलेला माणूस थोड्याच वेळात गारठून जायचा, म्हणून होडीत राहूनच वर येणं भाग होतं. मांड्या आणि कंबर होडीला नीट भिडलेली असली तरच असा रोल जमतो. ढिल्या होडीत माणूस आतल्या आत घसरतो. म्हणजे मापात बसणं ही चैन नव्हती. आराम आणि सुरक्षितता या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

युरोपला कयाक ठाऊक होती, पण बराच काळ एक नवल म्हणून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ एक इनुइट माणूस कयाकसह किनाऱ्याला लागला आणि काही दिवसांतच वारला. त्याची कयाक आजही ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तो तिथवर कसा आला यावर तर्क चालूच आहेत.

मौजेसाठी कयाक चालवण्याची प्रथा पाडली ती जॉन मॅकग्रेगर या लंडनच्या बॅरिस्टरनं. १८६५ साली त्यानं ओकच्या लाकडाची, वरून सीडरच्या फळ्या लावलेली एक छोटी होडी बांधून घेतली. तिचं नाव ‘रॉब रॉय’. दुपाती वल्हं घेऊन तो युरोपच्या नद्यांवर हिंडला, नदी संपली की होडी रेल्वेत नाहीतर बैलगाडीत चढवायचा. पुढच्या वर्षी त्याचं प्रवासवर्णन आलं, ते हातोहात खपलं, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये एक क्लब निघाला. तोच पुढे रॉयल कनू क्लब झाला. हा गृहस्थ सोयीचा भोक्ता. पाठीला टेकायला फळी, मांड्यांवर पाणी उडू नये म्हणून मेणकापडासारखं आच्छादन, असं सगळं त्यानं विचार करून केलं. पण त्याच्या आच्छादनाचा हेतू कोरडं राहणं हा होता, उलटल्यावर परत वर येणं हा नव्हे. इथेच फरक पडला. इनुइटांच्या दोन गरजांपैकी एक युरोपनं घेतली आणि दुसरी मागेच राहिली.

पुढची उडी जर्मनीत. १९०५ साली म्युनिकमध्ये वास्तुकला शिकणाऱ्या आल्फ्रेड हॉयरिश या विद्यार्थ्यानं बांबूच्या काठ्या आणि शिडाचं कापड यांची, घडी घालून पिशवीत मावेल अशी कयाक केली. दोन वर्षांनी तिचे हक्क विकत घेतले रोझनहाइम गावच्या योहानेस क्लेपर यानं. हा क्लेपर कोण? तर शिंपी! सुई, कापड आणि सांगाडा यांतून जन्मलेली होडी हजारो मैलांवर पुन्हा एका शिंप्याच्याच हाती आली. क्लेपरच्या घडीच्या होड्या घेऊन शहरातली माणसं शनिवारी-रविवारी आगगाडीनं आल्प्सकडे निघायची. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तर घडीच्या होड्यांच्या वेगळ्या शर्यती होत्या.

या घडीच्या होडीची एक कथा आपल्या किनाऱ्याला लागून जाते. ऑस्कर श्पेक हा जर्मन तरुण १९३२ साली उल्म गावातून डॅन्यूब नदीत घडीची कयाक घेऊन उतरला. भूमध्य समुद्र, युफ्रेटिस नदी, इराणचं आखात, मग कराची आणि तिथून हिंदुस्थानचा पश्चिम किनारा धरून तो सिलोनला गेला. म्हणजे आपल्या कोकणासमोरून. उलांडीच्या होड्या हाकणाऱ्या आपल्या कोळ्यांनी हा एकटा कापडी होडीवाला पाहिला असेल, तर त्यांना काय वाटलं असेल? सात वर्षांनी, १९३९च्या सप्टेंबरमध्ये, तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला थेट अटकेत टाकलं.

१९५६ साली हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरनं क्लेपरच्याच घडीच्या होडीतून अटलांटिक पार केला. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत ७२ दिवस. आडवं होऊन झोपायला जागा नाही, जे काही करायचं ते बसूनच. होडी उलटली तेव्हा एक अख्खी रात्र तो तिला धरून पाण्यात राहिला. तो स्वतः डॉक्टर होता आणि शरीर व मन किती ताण सोसू शकतं हेच त्याला तपासायचं होतं. ते साहस आपल्या सहलींसाठी आदर्श नव्हे, पण त्यातून एक गोष्ट समजते. कयाकमध्ये माणसाची कसोटी हातांइतकीच बैठकीचीही असते.

मधल्या काळात युरोपीय लोक मागे राहिलेली दुसरी गोष्टही शिकायला लागले. १९२७ साली एडी हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसानं रोल आत्मसात केला. युरोपीय माणसानं केलेला, नोंद असलेला पहिला रोल तोच मानतात. १९३०-३१ च्या मोहिमेत जिनो वॉटकिन्स हा तरुण इंग्रज ग्रीनलंडच्या लोकांकडूनच कयाक आणि रोल शिकला. १९३२च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा तिथे होता. एके दिवशी एकटाच शिकारीला गेला. नंतर त्याची रिकामी कयाक पाण्यावर तरंगताना सापडली. तो मात्र सापडला नाही. वय अवघं पंचवीस. उत्तम होडी आणि उत्तम कसब असूनही सोबतीची जागा भरून निघत नाही.

आता थोडं मागे जाऊन दुसरा धागा पकडू: लाइफ जॅकेटचा. १८५४ साली ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी कॉर्कचं जॅकेट तयार केलं. कॉर्कचा एकच मोठा ठोकळा न घेता त्यांनी अरुंद पट्ट्या कापडावर शिवल्या, कारण जॅकेट घातल्यावर खलाशाला वल्हवताही आलं पाहिजे. तरी ते बोजडच होतं आणि सगळे ते घालत नसत. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात वादळात लाइफबोट उलटली. तेरापैकी बारा जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, नव्या पद्धतीचं कॉर्कचं जॅकेट घातलेला एकमेव माणूस.

तेव्हापासून आजवर जॅकेटच्या इतिहासाचा धडा एकच आहे. जे काचतं ते माणूस काढून ठेवतो आणि काढून ठेवलेलं जॅकेट कुणाला तारत नाही. म्हणून कॉर्क जाऊन कापोक आला. कापोक म्हणजे सावरीच्या कापसासारखे तंतू. मग मऊ फोम आला, हात मोकळे राहावेत म्हणून बगलेचा काप मोठा झाला, पाठीचा भाग खुर्चीच्या पाठीला अडकू नये म्हणून आखूड झाला. प्रत्येक सुधारणा दिसायला सोयीची, पण तिच्या मुळाशी जीव वाचवण्याचा हिशेब आहे.

थंडीचंही तसंच. १९५२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या लक्षात आलं की, पाण्यात उबदार राहायला कोरडं राहण्याची गरज नाही. निओप्रीन रबरात अडकलेले हवेचे बुडबुडे उष्णता धरून ठेवतात. कातडीलगतच्या पाण्याचा पातळ थर अंगाच्याच उबेनं तापतो. त्यातून वेटसूट आला. शिकाऱ्याचा अंगरखा पुन्हा अवतरला, फक्त सीलच्या जागी रबर आलं.

होडी मात्र उलट दिशेला निघाली होती. १९५०च्या दशकात फायबरग्लास आलं. मग १९७३ साली अमेरिकेत साच्यात फिरवून ओतलेल्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिलीनची, नदीत चालवायची कयाक बाजारात आली. खडकावर आपटली तरी फुटेना आणि किंमतही आवाक्यात. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या मालिबू किनाऱ्यावर टिम नीमियर या तरुणानं सर्फबोर्डला बसायचा खळगा करून ‘वर बसायची’ कयाक तयार केली. उलटली तर अडकायची भीती नाही, पुन्हा चढून बसायचं. आज सहलींत आपल्याला मिळते ती बहुतेक वेळा हीच. या दोन गोष्टींनी कयाक घराघरांत पोहोचवली, हे खरंच मोठं काम झालं. पण एका साच्यातून निघालेल्या हजार होड्या हजार अंगांना कशा बसणार? सहा फुटी इंग्रज आणि पाच फूट दोन इंचांची आपली वहिनी, दोघांना खुर्ची तीच आणि पाय टेकायची जागाही तीच.

यावर उपाय शोधला तो खळाळत्या नद्यांत उतरणाऱ्या हौशी लोकांनी. फोमचे तुकडे कापायचे, घासायचे, आणि कमरेशी, मांड्यांशी, पाठीशी चिकटवायचे. हळूहळू उत्पादकांनीही ते उचललं: मागेपुढे सरकणारे पायटेकू, मांड्यांचे आधार, कमी-जास्त करता येणारी पाठ. म्हणजे नवं काही नव्हतं. दोन मुठी सोडून बेतलेली बैठक आता स्क्रू आणि पट्ट्यांनी परत आणली जात होती.

आता या कथेचा सर्वांत जड भाग. २२ मार्च १९९३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिसहून शेजारच्या चारमाउथला प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकनं निघाले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, दुपारच्या जेवणाला परत यायचं. वाऱ्यानं त्यांना खोल समुद्रात ओढलं. लाटांचं पाणी होड्यांत भरत गेलं, एकेक उलटली. मुलांनी घातलेल्या लाइफ जॅकेटमध्ये हवा भरलेली नव्हती. मदत मागायला फ्लेअर नव्हते. शोध सुरू व्हायला उशीर झाला. मुलं तासन्‌तास थंडगार पाण्यात होती. त्यांतली चार वाचली नाहीत.

त्या केंद्रातल्या एका प्रशिक्षिकेनं आधीच नोकरी सोडून तिथल्या सुरक्षिततेबद्दल लेखी इशारा दिला होता, हे नंतर बाहेर आलं. १९९४ साली कंपनी आणि तिचा संचालक दोघेही सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. ब्रिटनमध्ये एखादी कंपनी असा गुन्हा केल्याबद्दल दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ. पालकांनी लावून धरलं आणि १९९५ साली मुलांच्या साहसी उपक्रमांच्या केंद्रांसाठी कायदा झाला, परवाना पद्धत आली. आज आपण शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर सही करतो, तेव्हा त्या फॉर्ममागे ही चार मुलं उभी आहेत.

एवढा इतिहास ऐकल्यावर सामानाची यादी वेगळी वाटायला लागते. चार गोष्टी सांगतो.

पहिली, पाय. पायटेकू असे लावा की गुडघे थोडे वाकलेले राहतील. पाय पूर्ण ताठ राहिले की मांडीमागची शीर ओढली जाते आणि कंबर मागे घसरते. पायाला मुंग्या येत असतील तर बहुधा खुर्चीची पुढची कड मांडीखाली रुततेय. मांडीखाली जरा आधार द्या, पायटेकू सरकवून पाहा. पाठीचा आधार कमरेपुरता हवा, रेलून बसायला नको. वल्हं मारताना धड दोन्ही बाजूंना वळलं पाहिजे.

दुसरी, वल्हं. होडी रुंद तर वल्हं लांब. आखूड वल्हं रुंद होडीवर घासतं आणि खांदे दुखतात. उगाच लांब घेतलं तर ताकद वाया जाते.

तिसरी, कपडे. पोशाख हवेच्या तापमानाला बघून नव्हे, पाण्याच्या तापमानाला बघून. ब्रिटनमध्ये ऊन छान पडलं असलं तरी समुद्राचं पाणी मे महिन्यातही गारच असतं. एकदम थंड पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, धाप लागते. तेव्हा धडपड न करता पाठीवर तरंगत राहायचं, श्वास ताब्यात येऊ द्यायचा. सुती टी-शर्ट आणि जीन्स भिजून गारठवतात. आखातातल्या मंडळींसाठी उलटं: लांब बाह्या, टोपी, भरपूर पाणी.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, जॅकेट. आपण मुलांना कपडे घेतो ते ‘वाढत्या अंगाचे’. गणवेशाला हे चालतं, स्वेटरला चालतं. लाइफ जॅकेट मात्र कधीही वाढत्या अंगाचं घेऊ नये. सगळी बकलं लावा, पट्टे आवळा, मग खांद्यांपाशी धरून वर ओढा. जॅकेट कानांपर्यंत वर आलं तर ते पाण्यातही तसंच वर येईल आणि मूल खाली राहील. लहान मुलांसाठी पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. आणि एक फरक लक्षात ठेवा. ५० न्यूटनचं ‘बॉयन्सी एड’ पोहता येणाऱ्याला आधार देण्यापुरतं असतं. शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणं करेलच असं नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याच्यासाठी अधिक उत्प्लावकतेचं लाइफ जॅकेट मागा. मागायला संकोच नको. भाड्यानं होडी देणाऱ्याला ‘हे सैल होतंय, दुसरं द्या’ असं सांगणं म्हणजे नखरे नव्हेत.

ग्रीनलंडमध्ये कातडं शिवणारी बाई होडीचा एकेक टाका तपासून मगच तिला पाण्यात जाऊ द्यायची. तिच्याकडे कायदा नव्हता, परवाना नव्हता, लेबलवर न्यूटनचा आकडा नव्हता. कोणासाठी शिवतोय, हे मात्र माहीत होतं. आपल्याला शिवायचं नाही, फक्त पट्टे आवळून बघायचे आहेत. या उन्हाळ्यात पाण्यावर जरूर जा, पण होडीत बसण्याआधी ती दोन मिनिटं प्रत्येकासाठी काढा.

पुन्हा भेटूच पुढच्या भागात. तोवर नमस्कार.